एक पाय ओला

आमचे घरमालक रोज सकाळी बूट घालून अंगणातल्या नळापाशी उभे राहत, तांब्याभर पाणी फक्त डाव्या पायावर सावकाश ओतत आणि एक पाय ओला, एक कोरडा असे फिरायला निघत. बँकेने माझी तंजावूरला बदली केली आणि मी त्यांच्या माडीवर राहायला गेले. दुसऱ्याच दिवशी सकाळी खिडकीतून हा प्रकार पाहिला आणि मनात म्हटलं, झालं! एवढ्या मोठ्या गावात घर मिळालं ते नेमकं वेड्याचं. संध्याकाळी जिन्यात भेटल्यावर न राहवून विचारलंच. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीच काहीतरी विचित्र करत होते.

"शर्यतींत डावा पाय ओला असतो, अम्मा. मग सराव कोरड्या पायानें कसा करावा?"

तंजावूरला मराठी माणूस म्हटला की तो राव. आडनाव काही का असेना, अख्खं गाव त्याला 'राव सार' म्हणतं, तसं यांनाही म्हणत असे. उंच, सडसडीत, सत्तरी ओलांडलेले, गुडघ्यापर्यंत दुमडलेली लुंगीसारखी पांढरी वेष्टी आणि तिच्याखाली धावण्याचे बूट. हा माणूस एके काळी स्टीपलचेसमध्ये देशात पहिला होता, आणि एकदाच नव्हे, लागोपाठ काही वर्षं. स्टीपलचेस म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. घोड्यांचं काहीतरी असावं, असं मी बोलून बसले. त्यांना राग आला नाही. त्यांनी मला अंगणात नेलं आणि दोन कुंड्यांवर बांबू आडवा ठेवून समजावून सांगितलं. लांब पल्ल्याचं धावायचं, वाटेत जाडजूड लाकडी अडथळे ओलांडायचे, आणि दर फेरीला एका अडथळ्याच्या पलीकडे पाण्याचा खड्डा. तो अडथळ्याजवळ खोल आणि पुढे उथळ होत जातो. उजवा पाय लाकडावर ठेवून झेप घ्यायची, डावा पाय पलीकडच्या काठाशी उथळ पाण्यात पडू द्यायचा आणि निघायचं.

"अख्खा खड्डा कोरड्यानें ओलांडायला पाहणारा दमतो," ते म्हणाले. "एक पाय भिजूं द्यावा. एकच."

हे त्यांना कोणा प्रशिक्षकाने शिकवलं नव्हतं. तिरुवैयारुजवळच्या खेड्यात त्यांचं बालपण गेलं. शाळेच्या वाटेवर भातशेतं आणि शेतांमधून पाण्याचे पाट. कावेरीचं पाणी सुटलं की सगळे पाट तुडुंब. पोरं पाटावरून उडी मारून पलीकडच्या बांधावर आदळायची, ओला बांध फुटायचा, आणि मग शेतवाला काठी घेऊन मागे. म्हणून यांनी युक्ती काढली. बांधावर आदळायचंच नाही, बांधाच्या अलीकडे पाण्यात एक पाय टाकायचा आणि बांधावरून हलकेच पुढे जायचं. बांध शाबूत, पाठ शाबूत. पुढे त्यांच्या कॉलेजात कोणीतरी स्टीपलचेसचा खड्डा दाखवला, तेव्हा यांनी पहिलाच प्रश्न विचारला म्हणे, "शेतवाला कोठें अहे?"

त्यांची मराठी ऐकायला मला फार आवडायचं. आमच्या सांगलीकडे पणजीबरोबर गेलेले शब्द इथे यांच्या तोंडी हिंडत-फिरत होते, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून तमिळ. चाल तर पूर्णच तमिळ. मी एम.ए. मराठी आहे, हे ऐकून त्यांनी मला जवळ बसवून बराच वेळ बोलायला लावलं आणि निकाल दिला, "तुमचं मराठी बेस अहे. जरा बिघडलंय, पण समजतं."

घराला चांगलं लोखंडी फाटक होतं, पण ते फाटकातून कधी आत आले नाहीत. बाजूला कमरेएवढा कट्टा होता. त्यावर उजवा पाय, पलीकडे डावा, की आले घरात. हातात भाजीची पिशवी असो की दुधाची बरणी. पाहुण्यांनाही ते प्रेमाने कट्टाच दाखवत. आमचे बँक मॅनेजर एकदा माझ्याकडे चहाला आले आणि राव सारांच्या आग्रहाला बळी पडले. त्यांची पँट कुठे उसवली, ते सांगत नाही.

त्या मॅनेजरचा मला तेव्हा फार जाच होता. मी रडवेली होऊन आले की राव सार विचारत, "तो हर्डल का स्टीपल?" त्यांनी जगातल्या सगळ्या माणसांची ही अशी वाटणी करून टाकली होती. हर्डल दिसायला नीट उभं असतं, पण पाय लागला की पडतं. स्टीपलचा अडथळा पडत नाही, आपणच पडतो. हर्डल असेल तर खुशाल धक्का देऊन जावं. स्टीपल असेल तर भांडू नये, त्याच्यावर पाय ठेवून पुढे जावं. दोन दिवस निरीक्षण करून मी सांगितलं, "हर्डल आहे." दुसऱ्या दिवशी रजेच्या बाबतीत स्पष्ट बोलले आणि खरंच, साहेब आडवे झाले.

"आणि मामी?" मी एकदा विचारलं. मामी म्हणजे त्यांची बायको. इथे वडीलधाऱ्या बाईला मामीच म्हणतात.

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ती पाण्याची उडी."

मामी ओरत्तनाडूच्या. ठेंगण्या, गोल, नाकात दोन्हीकडे चमक्या, आणि बोलणं असं की समोरच्याने आधी ऐकावं, मग श्वास घ्यावा. 'डांगर पच्चडी' नावाची उडदाच्या भाजलेल्या पिठाची दह्यातली कोशिंबीर त्या अशी करत की मी तिच्यासाठी बढतीची बदली नाकारली असती. "होणं का?" म्हणजे 'हवं का?' असं विचारत आणि 'नको' म्हणायच्या आत वाढत. त्या घरात नवऱ्याचे पराक्रम दिवाणखान्यात नव्हते, देवघरात होते. आयुधपूजेला तिकडे घरोघर ज्याचं त्याचं हत्यार देवापुढे मांडतात. शिंप्याची कात्री, रिक्षावाल्याची रिक्षा. राव सारांना धावण्याचे बूट मांडायचे असत. मामी म्हणत, चामडं देवापुढे नोको. मग तोडगा निघाला. बुटांच्या तळाचे खिळे पान्ह्याने काढून, घासून, धुऊन, पितळेच्या ताटलीत ठेवायचे. विळी, अडकित्ता, मामींच्या स्कूटरची किल्ली आणि बारा चकचकीत खिळे, सगळ्यांना चंदन आणि कुंकू. पूजा झाली की मामी ते खिळे स्वतः मोजून डबीत घालत आणि त्यांना दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसत.

शर्यतींच्या गोष्टी सांगताना राव सार खुर्चीत बसू शकत नसत. माझी सगळ्यांत आवडती गोष्ट उत्तरेकडच्या कुठल्याशा शहरातली. थंडीचे दिवस, खड्ड्यातल्या पाण्यावर सकाळी बर्फाची साय. बाकीचे धावणारे त्या पाण्याला घाबरून लांब झेपा घेत होते आणि दमत होते. हे कावेरीकाठचे. यांना असली थंडी बापजन्मी ठाऊक नाही. पण पाय भिजूं द्यावा म्हणजे द्यावा. पहिल्या फेरीला डावा पाय पाण्यात पडला आणि यांच्या तोंडून गावभर ऐकू जाईल असं "अय्यो!" निघालं. लोक हसले. दुसऱ्या फेरीला पुन्हा "अय्यो!" तिसऱ्या फेरीपासून लोक वाट पाहू लागले. शेवटच्या फेरीला हे लाकडावर चढले आणि ज्यांना तमिळचं एक अक्षर येत नाही, अशा हजारो माणसांनी एकदम आरोळी ठोकली, "अय्यो!" हे पहिले आले. बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांनीही हात मिळवताना तेच म्हटलं म्हणे. ही गोष्ट ते माझ्या खोलीत करून दाखवत आणि खालून मामी ओरडत, "माडी पडेल, हो!"

एकदा मी मामींना विचारलं, "मामी, तुम्ही यांची कुठली शर्यत पाहिलीत?"

त्या खोबरं किसत होत्या. हात थांबला. "एक. अर्धी."

लग्न झाल्यावर महिनाभरातच तंजावूरच्याच मैदानावर शर्यत होती. मामी नवं रेशमी नेसून, सासूबरोबर, अगदी पुढे बसल्या होत्या. राव सार पाण्याच्या अडथळ्यावर चढले, त्यांनी बायको कुठे बसली आहे ते पाहिलं, पाय घसरला आणि डोक्यावरच खड्ड्यात गेले. मामींनी पदरात तोंड झाकलं. सासू उठली आणि सुनेला घेऊन घरी आली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "पुढें नोको येऊं."

"मग मी गेल्येंच नाहीं," मामी म्हणाल्या. "आणि बघ, हे जिंकत सुटले! मी घरीं देवापुढें डोळे मिटून बसत्यें, हे तिकडे जिंकतात. एवढं स्पष्ट असतां कोण जाईल?"

खरी पंचाईत हीच होती. ते हरले असते तर मामी कधीतरी गेल्या असत्या. पण प्रत्येक विजयाने त्यांचा समज पक्का होत गेला. नवरा देशात पहिला आला आणि बायको कायमची घरात बसली. याला म्हणतात आपलेच दात, आपलेच ओठ.

राव सारांना याबद्दल विचारलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांना मी गंभीर झालेलं पाहिलं ते तेवढंच. म्हणाले, "त्या दिवशीं मी पडलों, तें सगळ्यांस ठाऊक. उठलों, शेवटून निघालों आणि दुसरा आलों. माझ्या जन्माची ती सगळ्यांत बेस शर्यत. पण घरीं 'पडले' एवढीच गोष्ट आली. मी सांगूं गेलों तर कानांवर हात ठेवती." मग म्हणाले, "सगळ्या गांवानें पाहिलं, अम्मा. तिनें एकदां पाहावं, एवढंच राहिलं." मला त्यांचं फार वाईट वाटलं. पन्नास वर्षं एका छताखाली काढलेल्या माणसाकडे एवढंच मागणं होतं, आणि तेच मिळत नव्हतं.

आणि एके दिवशी ते कट्ट्यावरून नेहमीपेक्षा उंच उडी मारत आले. ज्येष्ठांच्या स्पर्धा आमच्याच मैदानावर होणार होत्या. सत्तरीपुढच्यांसाठी स्टीपलचेससुद्धा. अडथळे थोडे बुटके, अंतर कमी, पण पाणी तेच. मैदानावर जाऊन पाहिलं तर खड्ड्यात पाणी सोडून सगळं होतं. पाचोळा, फुटक्या खुर्च्या आणि एक कुत्री तिच्या चार पिलांसह. आयोजक म्हणाले, पाण्याची उडी वगळू या, वयाचा विचार करता बरं. राव सार म्हणाले, "पाणी नाहीं तर ती शर्यत नव्हे. मॉर्निंग वॉक." मग आम्ही दोघांनी दोन रविवार खड्डा साफ केला. कुत्रीचं बिऱ्हाड स्टँडखाली हलवलं, तिने आम्हा दोघांनाही एकेकदा पळवून पाहिलं. शेवटी पाण्याची लॉरी आली. खड्डा भरला तेव्हा राव सार काठावर हात जोडून उभे होते.

घरी मात्र मामींचं एकच. "धावा. ह्या वयांत कमरेचं हाड मोडलं तर मी पाहीन. पण मला मैदानावर नोको बोलावूं. मी येत नाहीं."

मी मध्यस्थी केली. म्हटलं, फोनवर दाखवते. व्हिडिओ कॉल लावते, तुम्ही देवापुढेच बसा. मामी विचारात पडल्या. फोनवर पाहिलं तर दोष लागतो का? हा प्रश्न त्यांच्या आजीच्या काळी उद्भवलेला नव्हता. दोन दिवस विचार करून त्यांनी स्वतःच निर्णय दिला. फोनमधलं चित्र क्षणभर उशिरा येतं, हे त्यांनी नातवंडांशी बोलताना पाहिलं होतं. म्हणजे आपण पाहतो ते आधीच होऊन गेलेलं असतं. होऊन गेलेल्याला दृष्ट कशी लागणार? "सरि," त्या म्हणाल्या. "फोन चालतो."

शर्यतीच्या सकाळी त्यांनी डबीतले खिळे काढून दिले आणि देवघरात जाऊन बसल्या. धावायला तिघेच. राव सार, मदुरैचे एक निवृत्त पोलीस आणि नागरकोविलचे एक निवृत्त पोस्टमन. राव सारांनी सुरुवातीलाच सगळ्यांसमक्ष डाव्या पायावर पाणी ओतून घेतलं. पोस्टमननी ते पाहिलं आणि आपल्याही डाव्या पायावर ओतलं. कदाचित तंजावूरचा रिवाज असेल, असं त्यांना वाटलं असावं.

मी पाण्याच्या खड्ड्याजवळ कुंपणाला टेकून फोन धरला होता. पडद्यावर कोपऱ्यात मामी, मागे समई. शिट्टी झाली. पहिली फेरी राव सार सगळ्यांच्या पुढे. पाण्याच्या अडथळ्याकडे आले, उजवा पाय लाकडावर, झेप. डावा पाय उथळ पाण्यात पडला, उजवा कोरड्यावर, आणि गेले! इतकं सुंदर होतं ते की मी ओरडले, "मामी, पाहिलंत?"

मामी काही बोलल्या नाहीत. त्यांचं चित्र हलत नव्हतं. तोंड उघडं, हात गळ्यापाशी. नेटवर्क गेलं होतं. मी फोन हलवला, पुन्हा लावला, लागेना.

तिकडे घरी काय झालं, ते नंतर कळलं. मामींच्या फोनवर राव सार झेप घेतलेले, हवेत, खाली पाणी, आणि चित्र तिथेच थांबलेलं. मामी वाट पाहत बसल्या. नवरा खाली येईना. पुढे काय झालं ते माहीत नाही, आणि जे झालं असेल ते होऊनही गेलेलं. देवापुढे डोळे मिटून पाहिलं, तरी मिटल्या डोळ्यांपुढे तो हवेतच. मग त्या उठल्या, समई तशीच ठेवून, स्कूटरची किल्ली न शोधता, अनवाणी, रस्त्यावर येऊन पहिली दिसेल ती ऑटो थांबवून बसल्या. मैदान तिथून जवळच.

शेवटची फेरी चालू होती. राव सार अजूनही पुढे, पोलीस त्यांच्या मागे, पोस्टमन बरेच मागे पण हसत. आणि माझ्या शेजारी कुंपणाला कोणीतरी येऊन धडकलं. मामी! एका हातात तो थांबलेला फोन, दुसऱ्या हाताने कुंपण घट्ट धरलेलं. "खालीं आले का?" त्यांनी मला विचारलं. "केव्हाचे आले," मी म्हणाले. "ते बघा, पुन्हा येतायत."

राव सार अडथळ्याकडे आले. उजवा पाय लाकडावर ठेवला. आणि त्यांना मामी दिसल्या.

पुढे काय होणार ते आम्हा तिघांनाही त्याच क्षणी कळलं. पाय घसरला आणि ते आडवे पाण्यात गेले. केवढं तरी पाणी उडालं, मामींच्या अंगावरसुद्धा. मामींचा हात पदराकडे गेला. पण हातात फोन होता, दुसरा हात कुंपणाला, आणि तोंड झाकायला तिसरा हात नव्हता. त्यांना पाहावं लागलं.

पोलीस शेजारून गेले. पोस्टमन दुरून येत होते. राव सार पाण्यातून गुडघ्यावर आले, मग एका पायावर, मग दोन्ही. केस कपाळाला चिकटलेले, बनियन लोंबलेलं. त्यांनी मामींकडे पाहिलं नाही. खड्ड्याच्या उथळ टोकाने चढून ते निघाले, आधी फेंगडे, मग सरळ, मग पहिल्यापेक्षाही जोरात. दोन्ही पाय ओले. उरलेला अडथळा त्यांनी असा ओलांडला की स्टँडखालची कुत्री भुंकायची थांबली. पोलिसांना अगदी टोकाशी गाठलं होतं, छातीभर कमी पडले. दुसरे आले.

मामी कुंपणाच्या फटीतून कधी आत गेल्या, मला कळलंही नाही. मी पोचले तेव्हा त्या पदराने राव सारांचं डोकं पुसत होत्या, भर मैदानात, सगळ्या गावासमोर, आणि रडत होत्या की हसत होत्या ते सांगता येत नव्हतं. राव सार तर लहान मुलासारखे मान खाली करून उभे होते. मीही रडत होते, लपवायचं कशाला.

"पडल्यावर तुम्ही असे उठतांत?" मामी म्हणाल्या. "असे?"

"नेहमींच," राव सार म्हणाले.

"मला कोणीं सांगिटलं नाहीं."

"तूं थांबली नाहींस."

मामींनी पदर पिळला. पिळलेलं पाणी त्यांच्याच पायावर पडलं. मग त्या आयोजकांकडे वळल्या, आणि ज्या आवाजाला समोरचा आधी ऐकतो आणि मग श्वास घेतो त्या आवाजात त्यांना तमिळमध्ये बजावलं, "पुढच्या वेळेस माझी खुर्ची पाण्याच्या अगदी जवळ घाला."